कॅमेरा मुलांवर की पाकिटावर?

फेब्रुवारी लागला की माळशिरस तालुक्यात दोन हंगाम एकदमच शेवटाकडे येतात. एक उसाचा, दुसरा शाळेचा. अकलूज, नातेपुते, वेळापूर, माळशिरस या गावांच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि तिच्यातून वाट काढत वाड्यावस्त्यांवरची मुले परीक्षा केंद्र गाठतात. राज्यात बारावीला साधारण १५ लाख आणि दहावीला साधारण १६ लाख विद्यार्थी बसतात. त्यांच्यासाठी मंडळाने अलीकडच्या वर्षांत केंद्रांवर बरेच नवे तंत्रज्ञान आणले आहे. २०२५च्या परीक्षेसाठी सरकारने संवेदनशील केंद्रांवर ड्रोन आणि चित्रीकरण, केंद्राशी संबंधित माणसांची चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेने तपासणी आणि कॉपी आढळलेल्या केंद्राची मान्यता कायमची रद्द करणे असे निर्णय जाहीर केले. भरारी पथक, बैठे पथक आणि केंद्राजवळची बंद झेरॉक्स दुकाने हे सगळे त्याच्या जोडीला आहेच.

कॉपी थांबलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. रात्री दिव्याखाली बसून गणिते सोडवलेल्या मुलीला आणि चिठ्ठीवरून उतरवलेल्या मुलाला सारखेच गुण मिळाले, तर नुकसान त्या मुलीचे होते. अकरावीची जागा, पॉलिटेक्निक, नर्सिंग, पोलीस भरती अशा प्रत्येक रांगेत ती एक जागा मागे सरकते. तरीही एक प्रश्न विचारायला हवा. ही यंत्रे नेमके काय पकडतात? आणि ती कुणाकडे रोखलेली असावीत? त्यांच्यामागच्या विज्ञानात डोकावले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रश्नपत्रिकेच्या प्रवासावर आणि परीक्षा घेणाऱ्या मोठ्या माणसांवर लक्ष ठेवायला तंत्रज्ञान फार उपयोगी पडते. बाकावर बसलेल्या एकट्या मुलाला गुन्हेगार ठरवायला ते फार कच्चे आहे.

एक नाव, दोन आजार

'कॉपी' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एखादा मुलगा पॅडच्या मागे चार सूत्रे लिहून आणतो किंवा पुढच्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावतो, ही एकट्याची कॉपी. दुसरी सामूहिक. तीत प्रश्नपत्रिकेचा फोटो बाहेर जातो, कुणीतरी उत्तरे तयार करतो, त्यांच्या बारीक अक्षरातल्या झेरॉक्स निघतात आणि त्या खिडकीतून, पाण्याच्या माठाजवळून किंवा थेट वर्गातल्या माणसाच्या हातून आत पोहोचतात. पहिली एखाद्याला झालेल्या सर्दीसारखी असते, दुसरी दूषित पाण्यातून पसरलेल्या साथीसारखी. साथीत प्रत्येक रुग्णाचा घसा तपासत बसून चालत नाही. पाण्याची टाकी शोधावी लागते.

३ मार्च २०२३ रोजी बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा भागात बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने परीक्षा चालू होण्याच्या सुमारास मोबाइलवर फिरली. तपासासाठी विशेष पथक नेमले गेले आणि अटक झालेल्यांत शिक्षक होते. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर कॅमेरा असता, तरी त्याला काहीच दिसले नसते. गळती वर्गाच्या अलीकडे झाली होती.

म्हणूनच प्रश्नपत्रिकेचा मार्ग नीट समजून घ्यायला हवा. सीलबंद पाकिटे परिरक्षक कार्यालयात, म्हणजे बोलीभाषेत 'कस्टडी'त, असतात. सहायक परिरक्षक, ज्याला सगळे 'रनर' म्हणतात, ती केंद्रावर नेतो. केंद्रसंचालक ती ताब्यात घेतो. वर्गात २५ विद्यार्थ्यांचे पाकीट दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन फोडले जाते. या वाटेवर हात बदलण्याची जागा मोजकीच आहे आणि तिथे उभी असणारी सगळी माणसे प्रौढ, पगारी आणि जबाबदार आहेत. रनरच्या मोबाइलचे जीपीएस सुरू ठेवणे, पाकीट देता-घेताना आणि फोडताना चित्रीकरण करणे हे मंडळाने गेल्या काही वर्षांत सुरू केलेले उपाय याच वाटेवरचे आहेत. दिसायला साधे आहेत, ड्रोनइतकी त्यांची बातमी होत नाही. पण साथ पसरवणारी टाकी इथेच आहे.

यंत्र काय करते, काय करत नाही

आता एकेक उपकरण पाहू. प्रवेशद्वारावर अंगावरून फिरवतात ते धातुशोधक यंत्र आतल्या तारेच्या वेटोळ्यात बदलते चुंबकीय क्षेत्र तयार करते. जवळ धातू आला की त्यात विजेचे छोटे प्रवाह उमटतात, यंत्राला ते कळते आणि ते वाजते. मोबाइल पकडायला ते चांगले. पण पट्ट्याच्या बकलाला आणि बांगड्यांनाही ते तितक्याच प्रामाणिकपणे वाजते. कागदाच्या चिठ्ठीला मात्र मुळीच वाजत नाही.

जॅमरचे काम वेगळे. मोबाइलला टॉवरचा आवाज ऐकू आला तरच तो चालतो. जॅमर त्याच लहरींवर गोंगाट करतो, त्यामुळे मोबाइलला टॉवर ऐकू येत नाही. स्पर्धा परीक्षांत कानातल्या बारीक उपकरणातून उत्तरे सांगण्याचे प्रकार झाले, तेव्हापासून जॅमरला महत्त्व आले. २०२१मध्ये राजस्थानातल्या शिक्षक पात्रता परीक्षेत तर चपलेत ब्लूटूथ उपकरण बसवल्याचे प्रकरण बिकानेरमध्ये उघड झाले होते. पण जॅमर कुणीही आणून लावू शकत नाही, त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. गोंगाट शाळेच्या कुंपणापाशी थांबत नाही. शेजारच्या घरात कुणाच्या छातीत दुखू लागले आणि १०८ला फोन लागला नाही, तर ती किंमत परीक्षेपेक्षा मोठी आहे. शिवाय काढलेला फोटो मोबाइलमध्येच राहतो. जॅमरच्या टप्प्याबाहेर गेले की तो पाठवता येतो.

राहिला कॅमेरा. तो चोवीस तास बघतो असे म्हणतात, पण प्रत्यक्षात तो फक्त साठवतो. बघायला माणूस लागतो. एका केंद्रात १२ वर्ग, रोज तीन तास, म्हणजे एकाच पेपराचे ३६ तासांचे चित्रीकरण झाले. ते कोण पाहणार? कधी? आणि पाहिल्यावर काय करणार? त्यात ग्रामीण भागातला नेहमीचा अडथळा विजेचा. परीक्षेच्या वेळेत वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला तर नेमके हवे ते तास कोरे राहतात.

पाहिले जात आहे या भावनेचा परिणाम होतो का, यावरही प्रयोग झाले आहेत. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात २००६च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चहाच्या खोलीतल्या पैशांच्या डब्यावर कधी फुलांचे, कधी रोखून बघणाऱ्या डोळ्यांचे चित्र लावले. डोळ्यांच्या आठवड्यांत लोकांनी जवळजवळ तिप्पट पैसे टाकले. त्यानंतर अनेक ठिकाणी असेच प्रयोग झाले आणि एकत्रित हिशोबात हा परिणाम टिकला नाही.  जे डोळे बघतात पण बोलत नाहीत, त्यांची माणसाला सवय होऊ शकते. इटलीच्या चेझारे बेकारियाने १७६४मध्येच लिहून ठेवले होते की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. पाहणारा कुणी नसलेला कॅमेरा ही खात्री देत नाही.

जिथे हे करून पाहिले

बोर्डाच्या परीक्षेत कॅमेरे लावल्याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण रोमानियाचे आहे. तिथल्या शालान्त परीक्षेत लाच आणि सामूहिक कॉपी इतकी रुळली होती की निकालाला अर्थ उरला नव्हता. २०११मध्ये काही जिल्ह्यांत आणि पुढे सर्वत्र परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे आले. त्याच सुमारास शिक्षक आणि विद्यार्थी दोघांवरही कारवाईची खरी भीती निर्माण केली गेली. ओआना बोर्कान, मिकाएल लिंडाल आणि आंद्रिया मित्रुत या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७मध्ये त्याचा हिशोब मांडला. कॅमेरा आणि शिक्षेची खात्री एकत्र आल्यावर गैरप्रकार घटले. गुण आणि मुलाची खरी कुवत यांचा मेळ आधीपेक्षा चांगला बसू लागला.

इथपर्यंत बातमी चांगली आहे. पण याच अभ्यासात दुसरी गोष्टही निघाली. गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांच्या गुणांतली दरी वाढली. चांगल्या विद्यापीठांत पोहोचण्याची गरीब मुलांची शक्यता कमी झाली. कॉपी बंद झाली, पण ज्यांना वर्षभर नीट शिकवलेच गेले नव्हते, त्यांच्या हातात काहीच उरले नाही.

इंडोनेशियात २०१५पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय शालेय परीक्षा कागदाऐवजी संगणकावर घ्यायला सुरुवात झाली. प्रश्न शाळेच्या हाती आधी पडतच नसल्याने उत्तरे पुरवण्याची सोय संपली. पहिल्या वर्षी गुण झटकन खाली आले, आणि जिथे आधी जास्त संशय होता तिथे जास्त खाली. पण पुढच्या दोनेक वर्षांत ते बऱ्याच अंशी वर आले आणि या वेळी ते अभ्यासाने आले. खोटा आधार गेल्यावर शाळा शिकवू लागल्या आणि मुले शिकू लागली. हे उदाहरण आशा देणारे आहे. त्यात पकडापकडी नव्हती, गळतीची जागाच बुजवली होती.

नुसत्या धाकाचा प्रयोग भारतात झाला आहे. १९९२मध्ये उत्तर प्रदेशात कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरवणारा कायदा आला. मुलांना अटक झाली आणि त्या वर्षी तिथल्या हायस्कूल परीक्षेचा निकाल १५ टक्क्यांच्या आसपास घसरला. सरकार बदलले, कायदा गेला आणि कॉपी परतली. महाराष्ट्रात याउलट नांदेडचे उदाहरण दिले जाते. २००९-१०च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली. निकाल खाली आला, तो स्वीकारला गेला आणि 'नांदेड पॅटर्न' राज्यभर सांगितला जाऊ लागला. त्या मोहिमेच्या केंद्रस्थानी महागडे यंत्र नव्हते. सगळी प्रशासकीय यंत्रणा एका दिशेने उभी राहिली होती.

राज्य मंडळाच्या आकड्यांतूनही शिकण्यासारखे आहे. दहावीचा निकाल २०१८मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९मध्ये अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२०मध्ये ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. या चढउतारात कॉपीचा वाटा किती हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही. पण निकाल हा मुलांच्या ज्ञानाइतकाच परीक्षेच्या रचनेवर हलतो, एवढे स्पष्ट दिसते.

संशय आणि निदान

आता पुढची पायरी येते आहे. कॅमेऱ्याच्या चित्रणावर कृत्रिम बुद्धिमत्ता बसवायची आणि मान वळवणारा, सारखा खाली बघणारा, हात बाकाखाली नेणारा विद्यार्थी तिने आपोआप दाखवायचा. कल्पना मोहक आहे. वैद्यकशास्त्राला मात्र या मोहाचा जुना अनुभव आहे.

समजा, एका केंद्रावर ४०० मुले आहेत आणि त्यातली ८ कॉपी करत आहेत. यंत्र चांगले आहे. दहातले नऊ कॉपीबहाद्दर ते पकडते आणि प्रामाणिक मुलांपैकी शंभरातल्या फक्त पाचांवर चुकून बोट ठेवते. ऐकायला उत्तम वाटते. हिशोब मात्र असा होतो. आठातली सात खरी कॉपी करणारी मुले सापडतील. उरलेल्या ३९२ प्रामाणिक मुलांच्या पाच टक्के, म्हणजे साधारण २० मुलेही त्याच यादीत येतील. २७ नावांपैकी २० निर्दोष. यंत्राने बोट दाखवलेल्या चारांपैकी तिघांनी काहीच केलेले नाही.

ही यंत्रातली खोड नव्हे, गणित आहे. आजार दुर्मीळ असला की चांगल्या चाचणीतही खोट्या संशयितांची संख्या खऱ्यांपेक्षा जास्त होते. म्हणून कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीत संशय आला की डॉक्टर लगेच शस्त्रक्रिया करत नाहीत. पुढची तपासणी करतात, तुकडा काढून बघतात, मग बोलतात. प्राथमिक तपासणी आणि निदान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला वैद्यकाला अनेक दशके लागली. परीक्षा केंद्रात हा फरक पाळला नाही तर काय होईल? राज्यातल्या १६ लाख मुलांपैकी एका पेपरात अगदी एक टक्का मुलांवर जरी चुकून खूण झाली, तरी ती १६ हजार मुले होतात. आणि मान कोण वळवते? विचार करताना खिडकीबाहेर बघणारा, चष्म्याचा नंबर वाढलेला, पाठ दुखणारा, घाबरलेला. यातला प्रत्येक जण यंत्राला संशयित वाटू शकतो.

माळशिरस तालुक्याला यंत्रावरच्या विश्वासाचा प्रश्न नवा नाही. विधानसभा निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४मध्ये याच तालुक्यातल्या मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर चाचणी मतदान घेण्याचे ठरवले, प्रशासनाने ते होऊ दिले नाही आणि गाव देशभर चर्चेत आले. त्या वादात कोण बरोबर हा इथला विषय नाही. पण त्यातून एक गोष्ट दिसली. यंत्राने दिलेले उत्तर स्वतः पडताळून पाहता यावे, असे माणसाला वाटते. दहावीतल्या मुलाचा अधिकार त्याहून कमी नसावा. यंत्राने त्याच्यावर बोट दाखवले, तर पर्यवेक्षकाने स्वतः काय पाहिले, हातात कोणता कागद सापडला, मुलाचे म्हणणे काय, हे नोंदल्याशिवाय त्याच्यावर कारवाई होता कामा नये.

घाबरलेला मेंदू

आरोग्याची बाजू इथे येते. थोडा ताण परीक्षेला मदत करतो, फार ताण घात करतो, हे रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून मांडले आणि पुढे मानसशास्त्रात ते प्रसिद्ध झाले. काम जितके अवघड, तितका कमी ताण सोसतो. गणित सोडवताना मेंदूला दोन-तीन पायऱ्या एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात. ही जागा मर्यादित असते. 'आपल्याकडे कुणी बघते आहे का', 'मान वळली तर काय होईल' या विचारांनी ती भरली, की येत असलेले गणितही सुटत नाही. काळजी मेंदूतली तीच जागा खाते जी उत्तराला हवी असते.

म्हणून दारावर होणारी झडती, विशेषतः मुलींची, कोण करते आणि कुठे करते, याला महत्त्व आहे. महिला कर्मचारी आणि आडोसा या सवलती नाहीत, किमान अटी आहेत. कर्नाटकातल्या हावेरीत एका कॉलेजने २०१९मध्ये मुलांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची खोकी घालून परीक्षा घेतली होती. फोटो देशभर फिरले, कॉलेजला माफी मागावी लागली. ती मुले कॉपी करत होती म्हणून नव्हे, करतील या संशयाने त्यांना तसे बसवले होते. बदनामीचा धोका कॅमेऱ्यातही आहे. चिठ्ठीसह पकडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे चित्रण संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर पोहोचू शकते. मंडळाची शिक्षा ठरावीक परीक्षांपुरती असते, मोबाइलवरची आयुष्यभराची. २०२३च्या केंद्रीय डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावर बंधने घातली आहेत. शिक्षणसंस्थांना सूट देता येते, पण त्या सुटीचा अर्थ चित्रण वाटेल त्याच्या मोबाइलवर जावे असा होत नाही. कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार हे परीक्षेआधीच लिहून ठेवलेले हवे.

परीक्षेच्या दिवसांत मंडळ समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. केंद्र सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत मदतवाहिनी मराठीतही बोलते. कॉपीविरोधी सूचनांचा फलक प्रत्येक केंद्रावर लागतो. त्याच्याच शेजारी हा क्रमांक लावायला काहीच खर्च येत नाही.

स्वस्त आणि चोख

कॉपी शोधणारे सर्वात ताकदीचे तंत्रज्ञान भिंतीवर लटकत नाही. ते गुणांच्या तक्त्यात असते. ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी अमेरिकेतल्या शिकागोच्या शाळांच्या उत्तरपत्रिकांचा संगणकावर अभ्यास केला. एखाद्या वर्गाचे गुण एकाच वर्षी अचानक उडाले आणि पुढच्या वर्षी आपटले, किंवा अनेक मुलांची अवघड प्रश्नांची उत्तरे ओळीने सारखीच आली, तर संशय घ्यायचा. निष्कर्ष असा की दरवर्षी किमान ४ ते ५ टक्के वर्गांत शिक्षकच गुण फुगवत होते. २००२मध्ये संशयित वर्गांची परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा त्यांचे गुण कोसळले. अटलांटा शहरात उत्तरपत्रिकांवर खोडून बदललेल्या उत्तरांची संख्या तपासली गेली. २०११च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांचा सहभाग नोंदवला गेला. दोन्हीकडे शोध मुलांपासून नव्हे, आकड्यांपासून सुरू झाला आणि तो मोठ्यांपर्यंत पोहोचला.

लेव्हिट यांनीच मिंग-जेन लिन यांच्याबरोबर एका अमेरिकी विद्यापीठातल्या वर्गाचा अभ्यास केला. शेजारी बसलेल्यांच्या चुका अपेक्षेपेक्षा किती जास्त जुळतात, हे मोजून त्यांनी किमान १० टक्के विद्यार्थ्यांनी कॉपी केल्याचा अंदाज बांधला. पुढच्या परीक्षेत पर्यवेक्षक वाढवले आणि बसण्याच्या जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या अनिश्चित केल्या. कॉपीच्या खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या. 

यातून माळशिरससारख्या तालुक्यासाठी एक आराखडा निघतो आणि त्यातली बहुतेक कामे खर्चाची नाहीत. कॅमेरे आहेत ते आधी पाकिटे उघडण्याच्या खोलीत, कार्यालयात, व्हरांड्यात, झेरॉक्स यंत्रापाशी, कुंपणावर आणि वर्गाच्या दारात लावावेत. वर्गात लावलेला कॅमेरा फळ्याच्या बाजूने पूर्ण खोली आणि पर्यवेक्षक दिसेल असा असावा. चित्रण पाहायला दुसऱ्या तालुक्यातली माणसे नेमावीत, केंद्रे आणि तास त्यांनी चिठ्ठी टाकून निवडावेत. सगळे ३६ तास पाहायची गरज नाही. कुठला तास पाहिला जाईल हे कुणालाच माहीत नसणे पुरेसे आहे. पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे असावेत आणि कोणता वर्ग कुणाला हे त्या सकाळी ठरावे. वस्तुनिष्ठ प्रश्नांचा क्रम वेगवेगळ्या संचांत बदलावा. निकालानंतर मंडळाने केंद्रनिहाय तक्ते तपासावेत. लेखी आणि अंतर्गत गुणांतली अंतरे, एकाच केंद्रातल्या उत्तरांची साम्ये, एकाच वर्षातल्या उड्या पाहाव्यात. ज्या केंद्रावर शंका येईल, त्याची पुढच्या वर्षीची व्यवस्था बदलावी. शंकेवरून मुलांचे निकाल रोखू नयेत.

यावर आक्षेप येईल की मुलांना मोकळे सोडले तर चिठ्ठ्या वाढतील. तो बिनबुडाचा नाही. पण मोकळे सोडा असे कुणी म्हणत नाही. वर्गात फिरणारा, खुर्चीत मोबाइल न बघणारा पर्यवेक्षक आजही चिठ्ठी पकडण्याचे सर्वात अचूक साधन आहे. तो मुलाच्या चेहऱ्यावरची भीती आणि लबाडी यांत फरक करू शकतो. 'बाळा, पेपरकडे बघ' एवढे वेळेवर म्हणून तो कॉपी होण्याआधीच थांबवतो. यंत्राला ते जमत नाही. यंत्राचे काम त्या पर्यवेक्षकाच्या पाठीशी उभे राहण्याचे आहे. गावातला कुणी पुढारी किंवा संस्थाचालक 'जरा सांभाळून घ्या' म्हणून त्याच्यावर दबाव आणतो, तेव्हा 'साहेब, सगळे रेकॉर्ड होते आहे' हे वाक्य त्याला खरे बळ देते. प्रामाणिक शिक्षकासाठी कॅमेरा ढाल आहे आणि हा त्याचा सर्वात मोठा उपयोग आहे.

रोमानियाचा धडा तरीही शिल्लक राहतो. कॉपी बंद झाली आणि शिकवणे तसेच राहिले, तर भुर्दंड ऊसतोड कामगाराच्या आणि शेतमजुराच्या मुलाला बसेल. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, त्याचे फारसे बिघडणार नाही. तंत्रज्ञान शिकवण्याच्या कामी लावता येते याचे उदाहरण शेजारच्याच माढा तालुक्यात आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि २०२०मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पाकिटावरच्या कॅमेऱ्याइतकाच आग्रह गणित, इंग्रजी आणि विज्ञानाच्या शिक्षकांसाठी, जूनपासूनच्या घटक चाचण्यांसाठी आणि त्यात मागे पडलेल्या मुलांच्या जादा तासांसाठी धरला गेला पाहिजे.

केंद्रावर कॅमेरे बसवल्याचे पत्र शाळेने विभागीय मंडळाला पाठवले की काम झाले, असे समजण्याची सवय आहे. त्या पत्रात आणखी चार ओळी असाव्यात. चित्रण कोण पाहणार, वीज गेली तर काय, संशय आलेल्या मुलाचे म्हणणे कोण ऐकणार, आणि गेल्या वर्षी ज्या विषयात सर्वाधिक मुले नापास झाली तो यंदा जूनपासून कोण शिकवतो आहे. या चार ओळी भरता येत नसतील, तर त्या शाळेतल्या कॅमेऱ्याचा उपयोग भिंतीच्या शोभेपुरताच आहे.